प्रवास : एकट्याचा आणि सोबतीचा

प्रवास एकट्याने करावा की मित्रांसमवेत करावा, हा प्रश्न वरवर पाहता सुटीतल्या गप्पांचा वाटतो. कोणी म्हणतो, एकट्याला कसली आली आहे मजा. कोणी म्हणतो, चारजण जमले की निघण्यातच निम्मा दिवस जातो. दोघांचेही म्हणणे खरे असते आणि म्हणूनच वाद कधी संपत नाही. परंतु हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न आहे असे आम्हांस वाटत नाही. एकट्याने जाण्याची मोकळीक कोणाला होती आणि कोणाला नव्हती, सोबतीने जाणाऱ्यांनी एकमेकांस काय दिले आणि एकमेकांकडून काय घेतले, याचा विचार करू लागले म्हणजे प्रवासाच्या वाटेवरून आपण समाजाच्या घडणीपर्यंत येऊन पोहोचतो. प्रस्तुत लेखात या दोन्ही तऱ्हांचा विचार, शक्यतो आपल्याच भागातील माणसांच्या उदाहरणांनी, करावयाचा आहे.

आरंभ एका शब्दापासून करू. तो शब्द म्हणजे ‘सोबत’. कोकणात पोर मुंबईस धाडायचे झाले, की घरची वडीलधारी माणसे आधी सोबत पाहत. गावातला कोणी चाकरमानी परत निघाला आहे काय, त्याच्या हवाली मुलाला करता येईल काय, याची चौकशी तिकिटाच्या आधी होई. आगबोट खोल पाण्यात उभी राहायची. किनाऱ्यावरून पडावात बसून तिच्यापर्यंत जायचे. लाटेबरोबर वरखाली होणाऱ्या पडावातून बोटीच्या शिडीवर पाय ठेवायचा. आणि हे सारे वळकटी, ट्रंक आणि आईने बांधून दिलेले गाठोडे सांभाळून. अशा प्रवासात सोबत म्हणजे गप्पांना मिळालेला भिडू नव्हे. सोबत म्हणजे हात धरणारा माणूस. आपल्या भाषेत या एका शब्दात संगत आणि राखण असे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. उलट ‘एकटदुकट’ या शब्दात धोक्याची सूचना आहे. ‘एकटदुकट माणसाने त्या वाटेला जाऊ नये’, असेच तो शब्द ऐकू येतो. म्हणजे ज्या वादाचा निकाल आपण लावू पाहत आहो, त्यात भाषेने आपली बाजू केव्हाच घेतलेली आहे.

भाषेने ही बाजू का घेतली, हे उघड आहे. खाड्या, नद्या, घाट आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी वेढलेल्या या मुलखात एकटा वाटसरू म्हणजे निराधार वाटसरू होता. पाय मुरगळला तर पुढच्या गावाला निरोप कोण नेणार? ताप भरला तर पेज कोण करून घालणार? चोराचिलटांचे भय तर होतेच. तेव्हा सोबत ही चैन नव्हती, ती गरज होती. याची साक्ष देणारे एक पुस्तक मराठीत आहे. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तर हिंदुस्थानात दक्षिणा मिळवावी या हेतूने निघाले, ते काका रामभटांच्या सोबतीने. वाटेत सत्तावनच्या उठावात ते सापडले आणि १८५८ मध्ये झाशीच्या वेढ्याच्या वेळी झाशीतच होते. लुटालूट, उपासमार, प्राणसंकट यांतून ते घरी आले तेव्हा मिळविलेल्या द्रव्यापैकी फारसे उरले नव्हते. मात्र गंगोदकाची कावड त्यांनी सांभाळून आणली होती. पुढे त्यांनी लिहिलेली ही हकीकत ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ साली भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांनी प्रसिद्ध केली. त्या पुस्तकाच्या नावात ‘माझा’ आहे. पण पाने उलटू लागले की काका आणि पुतण्या अशा दोघांचा तो प्रवास आहे, हे ध्यानात येते. एक खचला की दुसरा धीर देतो, एकाला न सुचलेली युक्ती दुसऱ्याला सुचते. संकटात दोन माणसांचे बळ एकाच्या दुप्पट नसते, त्याहून पुष्कळ अधिक असते.

दुसरे उदाहरण आपल्या जिल्ह्यातील आहे आणि ते तरुण मित्रांचे आहे. दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे, म्हणजे पुढे महर्षी झालेले अण्णा, १८७५ साली सतरा वर्षांचे होते. सरकारी नोकरीसाठी लागणारी परीक्षा द्यावयाची तर साताऱ्यास जावयाचे. पावसाळ्यात समुद्रमार्गाचा भरवसा नसे. तेव्हा हा मुलगा आपल्या सोबत्यांसह भर पावसात, सह्याद्रीचा घाट चढून, सुमारे ११० मैल पायी चालत साताऱ्यास गेला. आणि तेथे काय झाले? वयाने लहान दिसतो या कारणावरून परीक्षेला बसूच दिले नाही! ही हकीकत अण्णांनी आपल्या आत्मवृत्तात सांगितली आहे. या प्रसंगातील चिकाटीची वाखाणणी आजवर पुष्कळांनी केली आहे. आम्हांस येथे वेगळ्याच गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. सतरा वर्षांच्या मुलाने घाटातल्या धुवांधार पावसात चालत राहावे, यात त्याच्या निश्चयाइतकाच बरोबरच्या पावलांचाही वाटा असतो. पुढचा चालतो म्हणून मागचा चालतो. मागचा काय म्हणेल म्हणून पुढचा थांबत नाही. तरुणांच्या प्रवासात ही परस्परांची लाज फार मोठे काम करते. मात्र परीक्षकासमोर उभे राहण्याची वेळ आली, तेव्हा तो एकटाच होता. सोबत दारापर्यंत पोहोचवते. दाराच्या आत ज्याचे त्यालाच जावे लागते.

आता मित्रांबरोबरच्या प्रवासाचे जमाखर्च नीट मांडून पाहू. जमेच्या बाजूला पहिली गोष्ट व्यवहाराची. खोली, गाडी, वाटाड्या यांचा खर्च विभागला जातो. एकाने सामान राखावे, दुसऱ्याने तिकिटे काढावीत, अशी कामाची वाटणी होते. दुसरी गोष्ट सुरक्षिततेची, ती वर आलीच आहे. तिसरी गोष्ट अधिक मोलाची आहे, ती म्हणजे स्मरणाची. एकट्याने पाहिलेले हळूहळू पुसट होत जाते. चौघांनी पाहिलेले मात्र दहा वर्षांनीही ओट्यावर बसले की पुन्हा उजळते. एकाला डोंगर आठवतो, दुसऱ्याला तिथे प्यालेला चहा आठवतो, तिसऱ्याला चौथ्याची झालेली फजिती आठवते. आणि या तुकड्यांतून सबंध प्रवास पुन्हा उभा राहतो. सामुदायिक प्रवास अशा रीतीने परतल्यावरही चालू राहतो.

खर्चाची बाजूही लहान नाही. चौघांचा वेग हा नेहमी सर्वांत हळू चालणाऱ्याचा वेग असतो. चौघांची आवड ही कोणाचीच पुरी आवड नसते; एकाला देऊळ पाहावयाचे असते, दुसऱ्याला बाजार, तिसऱ्याला झोप. पैशाचा हिशेब आणि उठण्याची वेळ या दोन गोष्टींवरून जितकी मैत्री तुटली असेल, तितकी मोठ्या तत्त्वांवरून तुटली नसेल. माणसाची खरी पारख प्रवासात होते असे म्हणतात, त्याचे कारण हेच. घरी आपण मित्राला दोन तास भेटतो, तेही तो तयार होऊन आलेला असताना. प्रवासात तो चोवीस तास दिसतो. उपाशी, थकलेला, भिजलेला. पण सर्वांत मोठा तोटा वेगळाच आहे. मित्रांबरोबर निघालेला माणूस आपले गाव आपल्याबरोबर घेऊन निघतो. तीच भाषा, तेच विनोद, तोच डबा. गाडी हंपीला पोहोचते, पण गप्पा रत्नागिरीच्याच चाललेल्या असतात. परमुलखातील माणसाशी बोलण्याची गरजच पडत नाही, आणि गरज पडल्यावाचून माणूस अनोळख्याशी सहसा बोलत नाही.

म्हणूनच एकट्याने जाणाऱ्यांचा एक पक्ष जगात सर्वत्र आढळतो. इंग्रज निबंधकार हॅझ्लिट याने १८२२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासावरील निबंधात एकट्याने भटकण्याची जोरदार बाजू मांडली. घराबाहेर पडल्यावर त्याला निसर्गाचीच संगत पुरे असे. पुढे स्टीव्हन्सनने १८७६ मध्ये पायी भटकंतीवर लिहिताना त्याचीच री ओढली. पण या दोघांचीही साक्ष शेवटपर्यंत ऐकली पाहिजे. हॅझ्लिट त्याच निबंधात कबूल करतो की, प्राचीन अवशेष पाहावयाचे असतील किंवा परक्या देशात जावयाचे असेल, तर आपल्याला सोबती हवा; कारण मधूनमधून आपली भाषा कानी पडावी असे वाटतेच. आणि स्टीव्हन्सन १८७८ साली फ्रान्सच्या डोंगराळ भागात एकटा फिरावयास गेला, तेव्हा सामान वाहण्यासाठी त्याने एक गाढवी विकत घेतली. साऱ्या वाटभर तिच्या हट्टाने तो हैराण झाला. पण प्रवास संपल्यावर तिला विकून टाकताच त्याच्या डोळ्यांत पाणी आले! एकांताचा पुरस्कर्ताही सोबतीवाचून राहत नाही, मग ती सोबत गाढवीची का असेना.

तथापि एकट्याच्या प्रवासाची खरी थोरवी अशा हौशी भटकंतीत दिसत नाही. ती दिसते, जिला एकटीने जाण्याची कोणी मुभाच दिली नव्हती अशा एका बाईच्या प्रवासात. देवरुखास १८७० साली जन्मलेल्या पार्वतीबाई आठवले यांना तरुण वयातच वैधव्य आले. त्यांची बहीण बाया ही अण्णा कर्व्यांची द्वितीय पत्नी. पार्वतीबाई अण्णांच्या आश्रमात शिकल्या, तेथेच कामाला लागल्या आणि आश्रमासाठी गावोगाव फिरून त्यांनी वर्गणी गोळा केली. ज्या काळी विधवेने उंबरठ्याबाहेर पाऊल टाकणे अशुभ मानीत, त्या काळी ही बाई परक्या गावी सभेत उभी राहून बोलत असे. पुढे इंग्रजी आले पाहिजे या ध्यासाने, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, त्या १९१८ साली अमेरिकेस गेल्या. जवळ पैसा बेताचा, इंग्रजी तुटपुंजे. तेथे त्यांनी लोकांच्या घरी घरकाम करून पोट भरले आणि १९२० मध्ये त्या परत आल्या. ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात त्यांनी हे सारे साध्या शब्दांत लिहून ठेवले आहे. याच्याही आधी, १८८३ साली, आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी पतीवाचून अमेरिकेस गेल्या होत्या; परंतु त्यांना बोटीवर मिशनरी स्त्रियांची सोबत पाहून दिलेली होती. पार्वतीबाई प्रौढपणी, आपल्याच हिंमतीवर निघाल्या.

या प्रवासात त्यांना काय मिळाले, याचा विचार केला म्हणजे एकट्याच्या प्रवासाचे मर्म कळते. एकट्या माणसाला वाट विचारावी लागते. भाषा येत नसेल तर ती शिकावी लागते. अनोळख्यावर विश्वास टाकावा लागतो आणि कोणावर टाकू नये हेही ओळखावे लागते. चूक झाली तर दोष द्यावयाला दुसरा कोणी नसतो. घरी ज्यांची ओळख अमक्याची सून, तमक्याची बहीण, गतधवा अशीच होती, त्यांना परमुलखात या ओळखींचा आधारही नसतो आणि ओझेही नसते. तेथे माणूस केवळ स्वतःच्या कामाने आणि वागणुकीने ओळखला जातो. पुरुषांना ही मोकळीक थोडीफार घरीच मिळते, म्हणून त्यांना तिचे मोल समजत नाही. बायकांना ती प्रवासात प्रथम भेटते. म्हणूनच ‘एकटीने जाऊ नको’ या वाक्यात काळजी किती आणि पहारा किती, हे प्रत्येक घराने तपासून पाहावयास हवे.

एकट्याच्या प्रवासाचे दुसरे अंग अंतर्मुखतेचे. गोपाळ नीलकंठ दांडेकर तरुणपणी एकटेच भटकले, नर्मदेची परिक्रमा त्यांनी केली, आणि त्या अनुभवातून ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ हे पुस्तक आले. परिक्रमा करणारा वाटेवरच्या माणसांनी दिलेल्या अन्नावर आणि आसऱ्यावर चालतो. म्हणजे ज्याला आपण एकट्याचा प्रवास म्हणतो, तो काठावरच्या शेकडो अनोळखी घरांच्या जिवावर झालेला असतो. ही ओळख ज्याला पटली, तो पुढे एकलकोंडा होत नाही. हेच दांडेकर नंतर तरुण मुलामुलींचे मेळे बरोबर घेऊन वर्षानुवर्षे किल्ले चढले. एकट्याने मिळविलेले त्यांनी सोबतीत वाटून टाकले. आधी एकांत आणि मग संगत, हा क्रम आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो.

एकटेपणाला मर्यादाही आहे, आणि ती विसरणे जिवावर बेतते. अमेरिकन दर्यासारंग बर्ड हा १९३४ साली दक्षिण ध्रुवाकडील बर्फात, हवामानाची निरीक्षणे करण्यासाठी, हिवाळ्याचे काही महिने एका खोपटात एकटा राहिला. शेगडीच्या विषारी धुराने तो आजारी पडला. आपल्यासाठी सहकाऱ्यांनी जीव धोक्यात घालू नये म्हणून त्याने आजार लपविला. परंतु बिनतारी यंत्रावरून येणारे त्याचे संदेश विस्कळीत होऊ लागले, तेव्हा तळावरच्या सोबत्यांना संशय आला आणि ऑगस्टमध्ये तिघेजण अंधार आणि थंडी तुडवीत त्याच्यापर्यंत पोहोचले. त्याचे प्राण वाचले. तेव्हा एकट्याने जावे, पण दोर अगदी तोडून जाऊ नये, हा या गोष्टीचा बोध. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल असल्यामुळे हा दोर फारच बळकट झाला आहे. इतका, की आता भीती उलट दिशेची आहे. शरीराने एकटा गेलेला माणूस दिवसभर घरच्यांशी आणि मित्रांशी बोलत राहिला, तर तो निघाला असे तरी कसे म्हणावे?

एकटा आणि सोबत या दोहोंच्या पलीकडची एक तिसरी तऱ्हाही महाराष्ट्राने घडविली आहे, ती म्हणजे पंढरीची वारी. आळंदीहून निघालेला वारकरी सुमारे अडीचशे किलोमीटर चालतो. तो दिंडीत असतो, दिंडीला विणेकरी असतो, चोपदार असतो, मुक्काम ठरलेले असतात. ज्ञानोबांच्या पालखी सोहळ्याला ही शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी लावली. हजारोंच्या गर्दीत असूनही ज्याचा त्याचा नामाशी संबंध वेगळा असतो. येथे सोबती निवडलेले नसतात. ते वाटेने दिलेले असतात. अण्णा कर्व्यांच्या स्नुषा आणि समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी वारीत चालून ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. तो १९४९ च्या ‘परिपूर्ती’ या संग्रहात आहे. ज्या भूमीतले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी आपल्या प्रांताची ओळख त्यांना तेथे पटली. परंतु त्याच लेखात त्यांनी हेही नमूद केले की, एकाच वाटेने, एकच नाम घेत चालणारी माणसे जेवायला मात्र जातीजातींनी वेगळी बसतात. सोबतीच्या प्रवासालाही भिंती असतात, आणि कित्येकदा आपण त्या बरोबर वाहून नेत असतो, हे त्यांच्या चिकित्सक नजरेने हेरले.

या साऱ्या विवेचनाचे तात्पर्य काय? एक तर असे, की दोन्ही तऱ्हांची फळे निरनिराळी आहेत. एकीच्या झाडाला दुसरीचे फळ लागत नाही. जे स्वतःविषयी शिकावयाचे ते एकट्याने, आणि जे माणसांशी जमवून घेण्याविषयी शिकावयाचे ते सोबतीने. व्यवहारात दोहोंचा मेळ घालणे कठीण नाही. मित्रमंडळी निघाली तर चारांपेक्षा फार अधिक नसावी. खर्चाची पिशवी एक आणि खजिनदार एक असावा. हिशेब रोजचा रोज व्हावा. आणि दिवसाकाठी दोन-तीन तास प्रत्येकाने आपल्या वाटेने जावे, म्हणजे संध्याकाळी सांगावयाला प्रत्येकाजवळ काहीतरी वेगळे असते. एकटा निघणाऱ्याने मुक्कामाची ठिकाणे घरी लिहून ठेवावीत, पहिल्या खेपेस उजेडी मुक्कामास पोहोचेल असा बेत करावा, आणि दररोज निदान एका अनोळखी माणसाशी कामापुरते नव्हे, तर कामाहून थोडे अधिक बोलावे.

दुसरे तात्पर्य आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते, कारण ते जाणाऱ्याविषयी नसून राहणाऱ्याविषयी आहे. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे सबंध मार्गावर सुरू झाली आणि जिथे सोबतीवाचून जाणे दुष्कर होते, तेथे कोणीही एका रात्रीत ये-जा करू लागला. मार्ग सुलभ झाला. पण एकट्या प्रवाशाला मार्गाइतकीच माणसांची गरज असते, हे आपण वर पाहिले. नर्मदेच्या काठावरच्या घरांनी परिक्रमावासीयाला आसरा दिला म्हणून त्याचा प्रवास झाला. आपले गावही कोणाच्या तरी वाटेवरचे गाव आहे. रात्री उशिराच्या गाडीने उतरलेल्या एकट्या मुलीला येथे उजेड असलेला फलाट, वाजवी भाडे सांगणारा रिक्षावाला आणि नसत्या चौकश्या न करता खोली देणारे निवासगृह मिळते काय? मिळत असेल, तर आमच्या गावाने तिला सोबत दिली असे म्हणता येईल, मग तिच्याबरोबर कोणी असो वा नसो. ‘सोबत’ या शब्दातील राखणीचा जुना अर्थ आता घराने एका माणसाकरवी नव्हे, तर सबंध गावाने मिळून पाळावयाचा आहे. पार्वतीबाईंच्या जिल्ह्यातून आज शेकडो मुली शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी एकट्या बाहेर पडतात. परगावी त्यांना जसे वागविले जावे अशी आपली इच्छा असते, तसे आपल्या गावी आलेल्या परक्या मुलीला वागवावे, एवढे जरी आपण केले, तरी एकट्याचा प्रवास बरा की सोबतीचा, या वादातील अर्धा भाग आपोआप मिटेल. उरलेला अर्धा ज्याने त्याने आपल्या आवडीप्रमाणे खुशाल घालीत बसावा.